तिसरी पाळी

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी दाबाचे काटे वाचले.
कॉम्प्रेसरचा, बॉयलरचा, टेस्टिंगला लावलेल्या पंपाचा.
काटा लाल पट्ट्यात शिरला की
हात आधी जायचा, डोकं मागनं.
व्हॉल्व्हला अर्धा फेरा. फुस्स. झालं.

आता माझ्याच दंडाला पट्टा आवळून
डॉक्टर बागवान म्हणतात, एकशे बासष्ट, खाली अठ्ठ्याण्णव.
मी विचारतो, मॅडम, व्हॉल्व्ह कुठं हाय?

त्या हसत नाहीत. आधी मीठ काढतात.
पापड गेला, लोणचं गेलं,
रविवारचा तांबडा रस्सा एका वाटीवर आला.
"पांढरा चालंल?"
"त्यातपण मीठच असतं, घोरपडे."
गोळी लिहितात, सकाळची, न चुकता.
मग चष्मा कपाळावर सरकवून, जरा चाचपत,
पोटाविषयी बोलतात.

आत म्हणे वस्ती आहे.
अब्जांनी. डोळ्याला न दिसणारी माणसं
(माणसं मी म्हटलं, त्या जंतू म्हणाल्या).
भाजीचे देठ, कोंडा, आपल्याला न पचणारं सगळं
ती फोडतात, आंबवतात,
त्यातलं काही रक्तात उतरतं
आणि नळ्यांच्या भिंतींना सांगतं, सैल व्हा.

"सांगतं म्हंजे कसं?"
"ते अजून शोधतायत. काहींचा दाब उतरतो,
दोन अंक, चार अंक. काहींचा नाही.
गोळी सोडायची नाही. ताक घ्या. बिनमिठाचं."

बिनमिठाचं ताक.
एवढे दोन शब्द चघळत मी रंकाळ्यापर्यंत चालत आलो.

गेल्या हिवाळ्यात छातीत कफ धरला होता,
अँटिबायोटिकच्या तीन पट्ट्या संपवल्या.
तेव्हा आत काय झालं असेल
ते कठड्यावर बसल्यावर कळलं.
टाळेबंदी. मी बघितलीय ती, शहाऐंशी साली.
गेटला साखळी, चहाच्या गाड्यापाशी
हात खिशात घातलेले टर्नर, फिटर, मोल्डर,
आणि तीन महिन्यांनी साखळी निघाली तेव्हा
निम्मे परत आलेच नाहीत.

गंगावेशीत म्हशी उभ्या होत्या.
लोक फेसाचे ग्लास उभ्यानं रिकामे करत होते.
मी किटली पुढं केली. दूध मिळालं.
विरजण?

ते पद्माक्का चौगुल्यांनी दिलं, वाटीच्या तळाला चिकटलेलं.
लग्नात शेडबाळहून आलं होतं म्हणाल्या,
पितळी डब्यात, एस्टीत, मांडीवर धरून.
रोज लावलं. एकदाच मोडलं, एकोणीसच्या पुरात,
पंचगंगा ओट्यावर चढली आणि भांडीसुद्धा तरंगली.
"मग हे?"
"लेकीला दिलेलं न्हवं का, निपाणीला.
तिच्याकडनं मागून आणलं. आईचंच, पर लेकीच्या घरचं."
आणि पदरानं वाटीची कड पुसली.

पहिल्या दिवशी मी दर तासाला झाकण उघडून बघितलं.
दूधच राहिलं, वर नासका वास.
"हलवलासा काय? त्यास्नी एकटं सोडायचं असतंय,"
पद्माक्का भिंतीपलीकडून.

सैल सोडणं मला कुणी शिकवलं नव्हतं.
नट आवळ, गळती थांबव, आवाज ऐक.
दुसऱ्यांदा लावलं तेव्हा पातेलं जुन्या स्वेटरात गुंडाळलं
आणि मीच बाहेरच्या खोलीत झोपायला गेलो.

दोन महिने झाले. काल एकशे अठ्ठेचाळीस, खाली ब्याण्णव.
मी विचारलं, गोळीचं, ताकाचं,
का वाटीवर आलेल्या रश्श्याचं?
डॉक्टर म्हणाल्या, बोनस समजा, वाटून घ्या सगळ्यांनी.
या वेळी हसल्या.

रात्री एकला जाग येते. सवय आहे,
तिसऱ्या पाळीत याच वेळी चहा यायचा.
पोटात कुठंतरी गुर्र होतं, थांबतं, परत होतं.
स्वयंपाकघरात पातेलं स्वेटर घालून बसलंय.
हात आधी जातो, झाकणापर्यंत.
डोकं मागनं येतं,
हाताला धरून परत नेतं.