मालाबरोबर

फुलेवाडी नाक्यावर पहाटे पावणेसहाला
शिट्टी वाजली, आणि सर्जाप्पाची पिकअप
कडेला दबली. मागं आम्ही चौदा जणी,
चार पातेली, दोन शेगड्या, पोळपाटांचं गठळं,
कणकेची तीन पोती.
बॅटरीचा उजेड आधी पोत्यांवर पडला, मग बायकांवर.

चौगले हवालदार मोजायला लागले.
पोती सोडली. माणसं बोटानं मोजली,
अकरावर चुकले, परत पहिल्यापासून.
इंदाक्का म्हणाली, "सायब, पातेल्यात बी एक हाय, ती धरा."
त्यांना चेष्टा वाटली.
मी पातेल्यातच होतो. वाऱ्यानं कान ठणकतो माझा.

"परवान्यावर काय लिवलंय? माल.
मागं माणूस न्हाई बसवायचं.
मालाचा मालक एखादा केबिनात, तेवढं चालतंय."
"मग आमचा मालक कोण?" शेवंतानं विचारलं.
चौगले पावतीपुस्तक चाळत राहिले.

खरं सांगायचं तर कायदा खोटा नाही.
गेल्या मार्गशीर्षात, बालिंग्याच्या पुलाअलीकडं,
म्हैस आडवी आली, सर्जाप्पानं ब्रेक मारला
आणि तान्हूबाई फाळक्यावरनं गेली.
लाटणं हातात तसंच. खुबा मोडला.
आता ती दारात बसून ध्यान ठेवते,
कोण किती वाजता गेली, कोण परत आली.
हे चौगल्यांना सांगावं असं
एकीलाही वाटलं नाही.

पावती फाटली. तेरा जणी उतरल्या,
पदर खोचून रंकाळ्याकडं चालू लागल्या.
एसटी सात-चाळीसची,
अक्षता नऊ-बाराच्या,
आणि बाराशे चपात्या.

मला कुणी उतर म्हणालं नाही.
सर्जाप्पानं वर झाकण सरकवलं,
बोटभर फट राखून.
आत तेलाचा वास, कालच्या लग्नाचा.
गाडी सुटली. रस्त्यावर त्या हसत होत्या,
कशाला ते कळलं नाही,
मग हसणं मागं पडलं
आणि नुसती झाकणाची खडखड.

आईनं नाव ठेवलेलं मालन.

हॉलच्या मागल्या दाराला आचारी ओरडला,
"माल उतरवा रे!"
झाकण निघालं. मी उभी राहिलो,
कमरेपर्यंत पातेल्यात,
आणि आधी पाणी मागितलं.

मग शेगडी पेटवली. कणीक काढली.
फाटकाकडं तोंड करून
चौदा पोळपाट मांडले.