एकच टेकडी

लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी आम्ही पहिल्यांदा फिरायला निघालो.
शहाद्याहून, जानेवारीत, मोटारसायकलवर,
अस्तंब्याला.
यात्रेच्या दिवसांत नाही.
ह्यांना गर्दी नको होती
आणि मला नवस नव्हता.

ह्यांनी बूट मागवले होते, घोट्यापर्यंतचे.
चार दिवस घरातच घालून हिंडले, फरशीवर टाप टाप.
मुलगी म्हणाली, पप्पा, थेट एव्हरेस्ट का?
मी आपले कॅनव्हासचे घेतले,
शाळेत पीटीच्या तासाला घालते तेच,
दशम्या, ठेचा,
आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिळाचं तेल.
“तेल कशाला? उगाच ओझं.”

धडगावच्या पुढे गुलसिंग भेटला.
वय विचारलं तर नुसता हसला.
पायात रबरी चप्पल, एकीचा अंगठा तारेनं शिवलेला.
किती राहिलं विचारलं, की म्हणायचा,
“हे काय, एक टेकडी.”
टेकडीच्या मागे टेकडी निघायची,
ह्यांच्या दुकानाच्या वहीत
एका उधारीमागून दुसरी निघते तशी.
सागाची वाळकी पानं पायाखाली
बिबड्यांसारखी मोडत होती.

तिसऱ्या टेकडीनंतर
हे प्रत्येक झाडाचा फोटो काढायला थांबू लागले.
अंजनाचा. सालईचा. परत अंजनाचा.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढे धार होती, दोन्हीकडे दरी,
आणि पदर जपायला लावणारा वारा;
बरं झालं, ड्रेस घातला होता.
मी पुढे होते.
बाजारात, लग्नात, दवाखान्यात
जी पाठ बघत मी चालत आले,
ती आज माझ्या मागे होती, धापा टाकत.
मला वाईट वाटायला हवं होतं.
वाटलं नाही.

“बठ व जरासं.”
हे तापात नाहीतर रागातच अहिराणीवर येतात.
मी वळले.
बूट काढून बसले होते.
टाच पिकल्या टमाट्यासारखी, साल सुटलेली.

गुलसिंग वाकला, बघितलं, हसला नाही.
“तो पण तेलच मागतो,” म्हणाला.
कोण?
त्यानं हनुवटीनं शिखर दाखवलं.
कपाळावरची जखम भरत नाही, मरण येत नाही,
कधी कुणाच्या दारात उभा राहतो म्हणे,
थोडं तेल द्या.

मी बाटली उघडली.
टाच मांडीवर घेतली.
हे दरीकडे बघत राहिले,
सुई टोचताना माणूस भिंतीकडे बघतो तसे.
“आधी सांगायचं ना.”
“सांगणार होतो.
पण तू पुढं चालत होतीस.”
मग बऱ्याच वेळानं,
“चांगली दिसत होतीस.”

उरलेला चढ हे गुलसिंगच्या चपलांत चढले.
गुलसिंग अनवाणी,
गळ्यात बुटांची जोडी.

वर शेंदूर लावलेले दगड, विटलेली निशाणं.
उत्तरेला एक चकाकती रेघ.
गुलसिंग म्हणाला नर्मदा.
हे म्हणाले धुकं.
मी कुणाचीच बाजू घेतली नाही.
बाटलीत दोन चमचे उरलं होतं.
एक दगडावर ओतलं,
एक उतरणीसाठी ठेवलं.

खाली येताना ऊन कलत होतं.
मागून आवाज आला,
“कितलं ऱ्हायनं व?”
गुलसिंग तोंड उघडणार,
त्याच्या आधी मीच म्हटलं, न वळता,
“हे काय.
एकच टेकडी.”