नापास फोटोंचा ड्रॉवर

'चीज म्हणा' असं अब्बा कधीच म्हणाले नाहीत.
पापाच्या तिकटीजवळ त्यांचा स्टुडिओ,
मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर रंकाळा,
रंकाळ्यात एक हंस,
जो उभ्या कोल्हापुरात कुणी पाहिलेला नाही.
ते म्हणायचे, "दही म्हणा, दही."
'ही'वर ओठ आपसूक फाकतात,
जिभेवर जरा आंबटही येतं.
'तांबडा' म्हटलं तर तोंड उघडंच राहतं,
'पांढरा' म्हटलं तरी तेच,
'गूळ' म्हटलं की पोर शिट्टी मारतंय असं वाटतं.
तीस वर्षांचा अभ्यास.
"पण डोळे काय दही खात नाहीत, बेटी,"
हे मात्र त्यांनी अगदी शेवटी सांगितलं,
दवाखान्यात, सलाईन चालू असताना.

आता स्टुडिओ माझा. पडदा पांढराफेक.
हंस माळ्यावर, गुंडाळलेला.
जून संपता संपता शाळांची ओळखपत्रं निघतात,
मी व्हरांड्यात स्टूल मांडते,
हेडसर घड्याळ बघतात,
एका पोराला चाळीस सेकंद.

एक येतो तो चौकातल्या
वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचं हसू घेऊन,
गॉगल तेवढा राहिलाय.
एक छाती फुगवून श्वास कोंडतो,
तालमीत थोरल्या भावाचं बघून आलेला.
एकीला बाई मागून ओरडतात, "हस की गं!"
आणि ती हसते,
जसं पाहुण्यांना नमस्कार करतात तसं.

मग ईश्वरी मानुगडे. तिसरी, ब तुकडी.
दोन्ही अंगठे फ्रॉकच्या शिवणीवर,
ओठ असे मिटलेले की टाका घातलाय.
"दही म्हण."
मान हलली. नाही.
"का गं?"
ओठ न उघडता, नाकातनंच,
"आई म्हणली, दात दावू नगंस."

वरचे दोन पडलेले असणार, मला कळलं.
मी कॅमेरा खाली घेतला.
हेडसरांनी घसा खाकरला.
"तुमच्या घरी म्हशी किती?"
चार बोटं.
"सगळ्यांत नाठाळ कोण?"
आता काय करणार? नाव तर बोटांनी सांगता येत नाही.
"इन्स्पेक्टर," ती म्हणाली.
"म्हशीचं नाव?"
"लाथ मारती म्हणून. काल आज्जाची किटली..."
आणि पुढचं तिला सांगता येईना,
किटली उडाली, आज्जा शेणात बसला,
इन्स्पेक्टर वर आणि रवंथ करत बघत उभी,
हे सगळं तिच्या पोटातनं उसळून वर आलं,
मान मागं गेली,
खांदे गेले,
स्टुलाचा एक पाय उचलला,
त्या खिंडारातनं अख्खी सकाळ बाहेर पडली.
माझं बोट कधी दाबलं गेलं, ठाऊक नाही.

फोटो अर्थातच नापास.
एक कान दिसत नाही, हनुवटी हललेली,
डोळे तर नाहीतच, नुसत्या दोन रेघा.
"असला चालत नाही मॅडम," हेडसर म्हणाले,
खरं तर तेही हसू दाबत होते.
ओळखपत्रावर दुसरा लागला,
कान दोन, ओठ बंद, मूल कुणाचंही.

पहिला मी ड्रॉवरमध्ये टाकला.
तिथं असले पुष्कळ आहेत, काही अब्बांच्या वेळचे,
मागं पेन्सिलीनं त्यांच्या हातचं: 'वाया'.
एकही त्यांनी फाडलेला नाही.

श्रावणात तिची आई आली, जादा प्रती न्यायला.
मी पाकीट दिलं, वर तोही ठेवला.
"ह्याचे पैसे नाहीत."
तिनं तो उजेडाकडं धरला.
बराच वेळ.
बाहेर एक रिक्षावाला दुसऱ्याच्या सात पिढ्या काढत होता.
"सांगितलं हुतं हिला," ती म्हणाली,
पण वाक्य अर्ध्यातच फुटलं,
आणि तिचा हात झटकन पदरासकट तोंडावर गेला,
सवयीनं,
जरा उशिराच.
वरच्या दोन दातांमध्ये, मधोमध,
चांगली बोटभर फट.

कॅमेरा आत होता, चार्जिंगला.