डावं स्टिअरिंग

नियाज सोलकर टपरीत आले तेव्हा
मी एका टेम्पोचा फिटनेस लावत होतो.
हातात पिवळं पुस्तक. म्हणाले, शिवलकर,
दम्मामची गाडी आहे, न्हावाशेव्याला उतरवली,
हिला आपला शून्य आठ नंबर पाहिजे.

बाहेर जाऊन बघितली.
पांढरी, अंगावर वाळूचे बारीक ओरखडे.
आरटीओपुढची पोरं खालची इंग्रजी ओळ सोडून
पाटीवरची अरबीच वाचत होती मोठ्यानं :
शून्य, शून्य, मग कायतरी, शून्य.
त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा असतो,
हे मला सोलकरांनी सांगितलं.

सवयीनं उजव्या दारानं आत बसलो
तर पुढ्यात नुसता कप्पा,
कप्प्यात खजुराच्या दोन बिया.

नंबर विसरा, म्हटलं.
डाव्या स्टिअरिंगला पासिंग नाही.
कारनेटवर आलीय, पाहुणी आहे.
एक पान बंदरात फाडलं,
दुसरं फाडायचं सहा महिन्यांच्या आत, जाताना.
मध्ये काही नाही.

ते म्हणाले, एकतीस वर्षं
मीपण असाच होतो तिकडे.
हसले नाहीत. मीही नाही.
चहा आला, तो प्यालो.

तरी मी गाडीखाली आडवा झालो.
का, ते विचारू नका.
चेसिसवर कागद धरला, पेन्सिल आडवी घासली,
ओहोटीला खडपं उघडी पडतात
तसे करड्यातून पांढरे आकडे वर आले,
अक्षरं धरून सतरा.
लावायला फाईल नव्हती.
कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

मग ती गाडी कुठेही दिसायची.
दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीचा तिकीटवाला
उजव्या काचेवर टकटक करायचा,
आत हफ्सा भाभी. पैसे त्याच द्यायच्या,
सुट्ट्यांवरून वादही त्याच.

एकदा मला जयगडपर्यंत नेलं, मागच्या सीटवर.
डावीकडे बसून हाकणारा माणूस
रस्त्याच्या अगदी कडेनं जातो.
चिऱ्याचे गडगे त्याच्या कोपराशी,
गडग्यावर टाकलेली जाळी, झापांची रास,
कुणी उभं असलं तर काच खाली करून
न थांबता विचारता येतं,
पोरीचं ठरलं का.

पण पुढचा ट्रक ओलांडायचा
तर समोरचं काही दिसत नाही त्याला.
ते सगळं उजवीकडे. तिथे भाभी.
थांबा, म्हणायच्या. अजून थांबा.
डंपर आहे. मागे रिक्षा.
आता जा.
आणि ते जायचे,
न बघता.

मी हँडल धरून बसलो होतो, खरं सांगतो.

दम्मामच्या सरळ रस्त्यावर
त्यांना कुणाला विचारावं लागलं नसणार.
भाभी इकडे, साखरतरला.
एकतीसांतली सत्तावीस वर्षं.

दुसरं पान नोव्हेंबरात फाडलं.
मी सोबत गेलो होतो, कागदांसाठी.
कंटेनरला सील लागलं, शिपाई म्हणाला, झालं.
परतीच्या एसटीत सोलकर
महाडपर्यंत बोलले नाहीत,
महाडला म्हणाले, बिया काढायच्या राहिल्या.

आता जुनी वॅगन आर आहे,
खेडच्या एका मास्तरांची.
नाव मीच बदलून दिलं, चार दिवसांत,
फी पूर्ण घेतली.
स्टिअरिंग उजवीकडे, जिथे असायला हवं तिथे.
भाभी डावीकडे, गडग्यांच्या बाजूला.

परवा गणपतीपुळ्याच्या चढावर
मी त्यांच्या मागे होतो, स्कूटरवर.
पुढे चिऱ्यांचा ट्रक, धापा टाकत.
समोरून कोणी नाही, मला इथून दिसत होतं,
त्यांना तर दिसतच असणार.
गाडी हलेना.
मी हॉर्नवर अंगठा ठेवला.

तेवढ्यात भाभी त्यांच्या खांद्यावरून
पलीकडे वाकल्या,
समोरचा रस्ता नीट बघितला,
काहीतरी म्हणाल्या.

मग इंडिकेटर लागला.