अंगावरनं वारं

वीज गेली आणि वडगावातली आमची गल्ली गप्प झाली,
चाळीस मागांनी एकदम श्वास धरावा तशी.
सात वाजून दहा मिनिटं.
त्या गप्पपणात ऐकू आलं, हे आत काहीतरी बोलतायत.
मला वाटलं कानडी, गंगव्वाशी.
गंगव्वाला वाटलं मराठी, माझ्याशी.
दोघी उंबऱ्यात आलो, एकमेकींकडं बघितलं.
ते कुठल्याच मुलखातलं बोलणं नव्हतं.

चहा उजव्या ओठावरनं सदऱ्यावर उतरत होता,
ह्यांना पत्ता नाही.
"हसा बघू," म्हटलं.
बावन्न वर्षांत ह्या माणसाला
हसा म्हणून पहिल्यांदा सांगितलं.
अर्धं हसले.
उरलेला अर्धा चेहरा सैल, सुटलेल्या ताण्यासारखा.
"हात वर करा, दोन्ही."
डावा कांड्यांच्या फळीपर्यंत पोचला.
उजवा निघाला आणि वाटेत विसरला.

(हे सगळं शिवलीलानं दाखवलेलं, आशाताई,
मंगळवारी मारुतीच्या कट्ट्यावर.
आम्ही हात वर करून खिदळलो होतो
शाळेतल्या पोरींगत.)

गल्ली गोळा झाली.
वारं गेलंय अंगावरनं, म्हणाले.
तेल चोळा. कांदा हुंगवा. कबुतर मिळतंय का बघा.
पडू दे घटकाभर, उतरतंय आपोआप.
कुणीतरी तांब्या आणला,
मी ओठाला लावू दिला नाही.
चाळीस वर्षं मागावर काढली मी.
तार तुटली की माग थांबवायचा, तिथल्या तिथं.
एवढा पदर होऊ दे, मग बघू म्हणणाऱ्याचं
अख्खं लुगडं वाया जातं.
इस्माईलला म्हटलं, काढ रिक्षा.

दवाखान्यातल्या पोरगेल्या डॉक्टरानं
नावाआधी वेळ विचारली.
शेवटचे बरे कधी होते?
सातला, म्हटलं. चहात साखर कमी म्हणून कुरकुरले.
सात दहाला नव्हते. वीज कंपनीला विचारा.
त्यानं लिहून घेतलं.
"वेळेत आणलंत, आजी."

घरी कॅलेंडरमागं गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या,
बीपीच्या, तीन महिन्यांच्या, न फोडलेल्या.
डोकं दुखत नाही, मग कशाला, म्हणायचे.
मीही हूं म्हटलेलं.
त्यातल्या दोन माझ्या होत्या.

आता पाय चालतो, थोडा ओढत.
शब्द मात्र एकच धड परत आला, धोटा.
पाणी धोटा. गंगव्वा धोटा.
सुटलेली तंबाखू धोटा.
लोणच्याची बरणी मी वरच्या फळीवर टाकली,
तीही धोटा, जरा रागानं.
सकाळी माझी गोळी आधी गिळते,
आ करून दाखवते,
मग ते घेतात.
मला हाक मारतात तीही धोटा.
मी जाते.

आणि वीज गेली की अजून
गंगव्वा तिच्या उंबऱ्यात येते, मी माझ्या,
काही न बोलता
कान देऊन उभ्या राहतो.