बडिगेराच्या अंगणात

बाजारातलं पत्र्याचं खुराडं
दुपारी तव्यासारखं तापायचं.
त्याची कडी मुंगसानं दोन रात्रीत शिकून घेतली.
चार गेल्या. काजळी तेवढी वाचली
आणि तिच्या पंखाखालची पाच पिल्लं.

मग खानापुरात, स्टँडमागं,
बसलिंग बडिगेराच्या अंगणात
काजळीला पिशवीत घेऊन उभी राहिले.
‘कोळी गूडु?’ तो म्हणाला.
मला आधी जाळंच आठवलं, माळ्यावरचं.
तेवढ्यात काजळीनं पिशवीतून मान काढली
आणि आम्ही दोघं हसलो.

टेप त्यानं काढलीच नाही.
अंगठा पुढं केला, काजळीनं तो धरला,
बोटं पुरती वळली.
‘इष्टु.’ एवढी जाड.
बसायची दांडी त्या अंगठ्याची झाली.

वारं कुठनं येतं, विचारलं.
आंबोलीकडनं, म्हटलं.
त्या अंगाला फळी सलग, उगवतीला जाळी,
तळ सरकता, घाण झाडायला,
अंड्यांचं दार बाहेरून.
कडी मात्र दोन बोटांनी एकदम दाबायची.
मुंगसाला ते जमत नाही,
असं काहीतरी म्हणाला असावा.

टेम्पोतनं सुट्या फळ्या आल्या,
अंगावर खडूचे कन्नड आकडे.
मी जोडत बसले तासभर,
छप्पर तळाला.
समृद्धी शाळेतनं आली, दप्तर टाकलं,
‘आई, हा ऐदु गं. तो आरु.’

दिवेलागणीला काजळी आधी शिरली,
दांडीवर चढून पाय वळवले.
मागनं पाच तलंगा, ढकलाढकली करत.
कडी लावली.
मग एका बोटानं दाबून बघितली.
उघडली नाही.