तिसऱ्या हिश्श्यावरची झीज

जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजकी कुलपं आणि नळाच्या तोट्यांखाली सापडली ती.
काळी, गाठाळ, कमरेपर्यंत येणारी,
वरच्या टोकाला मुठीएवढा गड्डा.
"खडकीच्या साहेबाची," विकणारा म्हणाला. "तीनशे."
कुठला साहेब, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.
दोनशे वीसला दिली.

तीन वर्षं मी आयर्लंडच्या काठीवर वाचतेय.
तिकडे काठीला 'बाता' म्हणतात.
"त्याच मारत असतेस तू," असं आमच्या घरी म्हणतात.

वाचलंय ते एवढंच:
काटेरी झुडपाची फांदी हिवाळ्यात तोडायची,
लोणी फासून धुराड्यात टांगायची, वर्ष वर्ष.
मग जत्रेच्या दिवशी एक घराणं दुसऱ्या घराण्यावर,
आजोबांच्या भांडणासाठी नातवांची डोकी.
पुढे बंदी आली. शिकवणारे मेले.
उरल्या कोर्टाच्या नोंदी:
अमक्याचं डोकं, तमक्याचा हात,
आणि काठी कशी धरली होती
हे न्यायाधीशाने विचारलंच नाही.

शनिवारी ती घेऊन तालमीत गेले.
होनमाने वस्ताद हौद्यातली माती चाळत होते,
एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी.
त्यांनी देश नाही विचारला.
तळहातावर तोलली, नाकाशी नेली.
"हिला धूर पाजलाय कुणीतरी."

मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग डोळा मिटून बोटं फिरवली खालून वर,
गाठ, गाठ, गाठ, आणि थांबले.
"हितं बघ."
खालून तिसऱ्या हिश्श्यावर लाकूड गुळगुळीत,
उंबरठ्यासारखं झिजलेलं.
"हितं धरायचा गडी. वरचं मारायला,
खालचं कोपराला राखण. आमची लाठी निराळी,
पण कोपर सगळ्यांचं सारखंच फुटतं."

हे वाक्य मी चार पुस्तकांत वाचलं होतं,
अधोरेखितही केलं होतं.
तरी हौद्याच्या कडेला मटकन बसले.

"नायतर," वस्ताद हसले, दोन दात कमी,
"म्हातारा असंल. गुडघं धरलेलं.
जिना चढताना मधीच धरत असंल.
लिव्हशील तर दोन्ही लिव्ह."

दोन्ही लिहिलं. सर म्हणाले,
तळटीप फार लांबली आहे, आणि
'वस्तादांचे बोट' हा संदर्भ होत नाही.

त्या शनिवारी बसमध्ये कंडक्टर ओरडला,
"ओ मॅडम, काठी उभी धरा, कुणाच्या डोळ्यात जाईल."
उभी धरली. गड्डा वर, खिडकीकडे.
शिवाजीनगरच्या वळणावर ड्रायव्हरने ब्रेक मारला,
सगळी बस पुढे कलंडली
आणि माझा हात सरकत, न विचारता,
त्या गुळगुळीत जागेवर जाऊन बसला.

माझा तळवा तिथे थोडा लहान पडतो.